मुंग्या, विसर आणि जीवनसत्त्वाची गोळी

तळपायाला कापूस बांधल्यासारखं वाटतं. चालताना चप्पल निसटून मागे राहते आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. दिवसा शेताच्या बांधावरून नीट चालता येतं, पण अंधार पडला की पाऊल टाकायची भीती वाटते. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या गावांतून अशा तक्रारी सांगणारी माणसं बहुतेक साठीच्या पुढची असतात. बरोबर आलेली सून किंवा मुलगी जरा बाजूला होऊन आणखी सांगते: हल्ली तेच तेच विचारतात, पैसे कुठे ठेवले ते आठवत नाही, रात्री उठून बसतात, उगाच चिडतात. घरात या सगळ्याचं निदान आधीच झालेलं असतं. वय झालं. साठी बुद्धी नाठी. कुणी म्हातारचळ म्हणतं, तर वाडीवर कुणी बाहेरचं झालं म्हणून भगताकडे नेतं. हातात चार पैसे असले की बाजारपेठेतून मेंदूच्या ताकदीची बाटली येते, नाहीतर दवाखान्यात ताकदीची सुई मारून घेतली जाते.

ती बाटली आणि ती सुई हाच या पुस्तकाचा विषय. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे मेंदूला किंवा मज्जातंतूंना झालेली इजा ते जीवनसत्त्व दिल्यावर थांबते, आणि वेळेत दिलं तर बरीचशी भरूनही येते. अल्झायमर किंवा कंपवात म्हणजे पार्किन्सन हे आजार मात्र जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी रोखता येतात असं आजवर सिद्ध झालेलं नाही. अडचण अशी की सुरुवातीच्या महिन्यांत हे दोन्ही बाहेरून सारखेच दिसू शकतात. कोणता आजार बरा होणारा आणि कोणता न होणारा, हे चेहरा पाहून सांगता येत नाही. त्यासाठी रक्त तपासावं लागतं. न तपासता घेतलेली गोळी कधी पैसे वाया घालवते, कधी रोग झाकते आणि क्वचित नवा रोग देते.

सगळ्यात आधी बी-१२. आपल्या भागात या विषयाचा मोठा वाटा याच एका जीवनसत्त्वाचा आहे, म्हणून पुस्तकातही त्याला सर्वांत जास्त पानं दिली आहेत. बी-१२ कुठलीही वनस्पती बनवत नाही, कुठलाही प्राणीही बनवत नाही. ते फक्त सूक्ष्म जिवाणू बनवतात. गाय, बकरी, मासा, खेकडा यांच्या शरीरात ते साठतं आणि दूध, अंडी, मासे, मटण यांतून आपल्याकडे येतं. प्रौढ माणसाला दिवसाला लागतं अवघं दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यांतले दोन. पण तेवढं रोज हवं. मज्जातंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं, विजेच्या तारेवर रबर असतं तसं. बी-१२ कमी पडलं की हे आवरण झिजायला लागतं आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा मागचा भाग पहिल्यांदा सापडतो. पाय कुठे आहे, कसा टेकला आहे, ही खबर मेंदूकडे नेणारा हाच मार्ग. तो बिघडला की माणूस डोळ्यांच्या आधारावर चालतो. उजेडात भागतं, अंधारात किंवा डोळे मिटल्यावर तोल जातो. बांधावरच्या भीतीचं कारण हे आहे. पुढे स्मरणशक्ती, मन, झोप, लघवीवरचा ताबा हेही त्यात येतं. जीभ लाल गुळगुळीत होते, वारंवार तोंड येतं, काही जणांच्या बोटांची पेरं काळी पडतात. ही पेरं पाहायला कुठलंही यंत्र लागत नाही. कोणतीही आशाताई ती पाहू शकते.

आता आपल्या गावातलं एक साधं चित्र घ्या. एक शेतकरी आयुष्यभर मासळी खात आला. मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्याला वलगणीचे मासे चढले की ते, भात लावणीच्या दिवसांत खेकडे, बाकीचं वर्ष आठवडी बाजारातलं सुकट, बोंबील, जवळा. पन्नाशी-पंचावन्नला त्यानं माळ घातली, आळंदीची वारी धरली, घरात मासळी शिजायची थांबली किंवा निदान त्याच्या ताटात यायची थांबली. लगेच काहीच होत नाही. शरीरात, मुख्यतः यकृतात, दोन ते पाच मिलिग्रॅम बी-१२ साठलेलं असतं. गरज इतकी थोडी की ही शिल्लक काही वर्षं पुरते. म्हणून माळ आणि मुंग्या यांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही, मध्ये पाच-सात वर्षं गेलेली असतात. त्याच काळात साठी येते आणि जठरातलं आम्ल कमी व्हायला लागतं. अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेलं बी-१२ सुटं करायला हेच आम्ल लागतं. मग साखर निघते, मेटफॉर्मिन सुरू होतं. हे चांगलं औषध आहे, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर ते बी-१२चं शोषण कमी करतं. वर जळजळीसाठी रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी. चार कारणं एकाच शरीरात येऊन बसतात आणि चारही जणांना एकमेकांची खबर नसते: माळ देणाऱ्या बुवांना साखरेची, साखरेच्या डॉक्टरांना माळेची.

माळ घालणं हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे आणि दारू, जुगार सुटून कितीतरी घरं त्या माळेमुळे उभी राहिली आहेत. ती काढा असं हे पुस्तक कुठेही सांगत नाही. सांगायचं आहे ते वेगळं: औषधातलं बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होतं, त्यात मासळी-मटणाचा अंश नसतो, तेव्हा माळकऱ्यानं ते निःशंकपणे घ्यावं. कॅप्सूलचं कवच मात्र पुष्कळदा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिज असतं. ज्याला चालत नाही त्यानं साधी गोळी मागून घ्यावी. दूध-दही रोज पोटात गेलं तर त्याचाही उपयोग होतो. पुण्यात तरुण शाकाहारी माणसांना रोज दूध देऊन पाहिलं तेव्हा त्यांच्या रक्तातलं बी-१२ वाढलं, असा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पण आपल्याकडे दोन म्हशी असलेल्या घरातही दूध डेअरीला जातं आणि म्हाताऱ्याच्या वाट्याला चहापुरतं उरतं, ही वस्तुस्थिती आहे.

पुण्याचं नाव आलं आहे तर तिथल्या कामाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. खोपोलीहून बोरघाट चढून गेलं की दीड-दोन तासांत आपण त्या शहरात पोचतो, पण तिथे आपल्यासारख्याच माणसांबद्दल काय सापडलं ते घाटाखाली फारसं उतरलेलं नाही. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तो पुढे त्यांच्या मुलांपर्यंत चालू राहिला. त्या गावांत फॉलिक ॲसिडची कमतरता क्वचित आढळली, कारण पालेभाज्या आणि डाळी पोटात जात होत्या. बी-१२ मात्र बहुसंख्य मातांना कमी होतं. २००६ मध्ये याज्ञिकांच्या गटानं ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला: खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. त्यांतल्या ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. ज्यांच्या घरी दोन वेळा पोटभर खायला आहे त्यांच्यातच कमतरता जास्त. उपासमार आणि हा अभाव या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या आकड्यानं दाखवून दिलं. कर्जतच्या नव्या सोसायट्यांत राहायला आलेल्या निवृत्त लोकांनी हा आकडा नीट वाचावा, कारण आजार फक्त वाडी-पाड्यावरच असतो असा समज तिथे मला पुष्कळदा भेटतो.

याज्ञिकांच्या कामातली दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. २००८ मध्ये त्यांनी मांडलं की गरोदरपणात ज्या आईचं फॉलिक ॲसिड भरपूर आणि बी-१२ कमी होतं, तिच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. ही दोन जीवनसत्त्वं एकमेकांशी बांधलेली आहेत. एक वाढवून दुसरं तसंच ठेवलं तर शरीराचा हिशेब बिघडतो.

या जोडीचा इतिहास मुंबईतच सुरू होतो. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बाया गरोदरपणात एका विचित्र रक्तक्षयानं मरत होत्या. लोह देऊन तो हटत नव्हता. विल्सनं त्यांचा आहार तपासला, हाफकिन संस्थेत प्राण्यांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टचा अर्क देऊन पाहिला. बाया बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये तिनं ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं जे काही गुणकारी होतं, ते दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. जगभर आज गरोदर बाया जी गोळी घेतात तिची सुरुवात परळ-लालबागच्या गिरणी कामगार बायांच्या रक्तातून झाली, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवं.

पण फॉलिक ॲसिड कारखान्यात तयार व्हायला लागल्यावर, १९४५नंतरच्या काही वर्षांतच, एक भयंकर गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात आली. बी-१२ कमी असलेल्या रुग्णाला नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, चेहऱ्यावर लाली येते, सगळे खूश होतात आणि आतून मज्जारज्जूची झीज चालूच राहते. रक्तक्षयाची धोक्याची खूण तेवढी पुसली जाते. बी-१२ स्वतः १९४८ मध्ये वेगळं काढलं गेलं आणि तेव्हापासून या रुग्णांना खरा उपाय मिळाला. आपल्या गावांत ही जुनी गोष्ट आजही लागू आहे, म्हणून ती सांगितली. गरोदर बायांनी आणि मुलींनी लोह-फॉलिक ॲसिडच्या सरकारी गोळ्या अजिबात बंद करू नयेत. त्यांचा फायदा मोठा आहे. पण साठीच्या आजोबांना "रक्त कमी आहे" म्हणून सुनेच्या त्याच लाल गोळ्या देणं चुकीचं. त्यांचं रक्त का कमी आहे ते आधी पाहिलं पाहिजे.

बी-१२ची कमतरता मनोविकाराचं रूपही घेते: भास, संशय, बडबड, भटकणं. आपल्या कर्जतला डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे; रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या मनोरुग्णांना तिथे आणून, बरं करून घरी पोचवलं जातं आणि त्या कामासाठी भरत वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वेडा म्हणून सोडून दिलेला माणूस औषधानं घरी परत जाऊ शकतो, हे आपल्या तालुक्यानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हातारपणात अचानक सुरू झालेल्या भासांबाबत तर एक रक्ततपासणी केल्याशिवाय कुणी निष्कर्ष काढू नये.

वाडीवरचं चित्र वेगळं आहे. ठाकर आणि कातकरी घरांत मासे, खेकडे, सुकी मासळी हे जुनं अन्न आहे, पावसाळ्यात शेवळं, कुरडू, टाकळा, भारंगी, कंटोली या रानभाज्याही. म्हणजे परंपरेनं बी-१२ही आहे आणि फॉलिक ॲसिडही. पण वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर गेलेल्या कुटुंबाच्या ताटात सहा-सहा महिने भात आणि पातळ कालवण एवढंच असतं. तिथे आणखी एका जीवनसत्त्वाचा प्रश्न येतो: बी-१, थायामिन.

कर्जत म्हणजे भाताचा तालुका. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र इथे आहे आणि 'कर्जत' हे नाव लावलेल्या भाताच्या जाती कोकणभर पेरल्या जातात. भाताच्या दाण्यातलं थायामिन असतं कोंड्यात आणि अंकुरात. उखळात कांडलेल्या तांदळावर कोंड्याचा थर राहायचा. गिरणीत पॉलिश करून पांढरा केला की तो कोंडा गुरांना जातो. जावा बेटावर डच डॉक्टर आइकमन यांनी १८९०च्या दशकात कोंबड्यांना असाच पांढरा भात घातला तेव्हा त्यांचे पाय लुळे पडले, आणि कोंड्यासह तांदूळ दिल्यावर त्या उठून चालायला लागल्या. या कामाला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. दक्षिण कोकणात उकडा तांदूळ खातात. भात उकडताना थायामिन दाण्याच्या आत शिरतं आणि पॉलिशनंतरही बरंच टिकतं. आपल्याकडे उकड्याची सवय नाही. निदान तांदूळ कमी पॉलिशचा घ्यावा आणि पाच-सहा पाण्यांनी धुवू नये, एवढं तर कुठल्याही घरात जमेल.

थायामिनचा सर्वांत तीव्र फटका बसतो तो रोज दारू पिणाऱ्याला. दारू भूक मारते आणि थायामिन शोषूही देत नाही. मग एके दिवशी माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो, डोळे तिरळे होतात, पाय फाकवून चालतो. लोक म्हणतात, जास्त झाली. हा वर्निके नावाचा मेंदूचा आजार असू शकतो. १८८१ मध्ये त्याचं वर्णन झालं आहे. लगेच थायामिनचं इंजेक्शन मिळालं तर माणूस वाचू शकतो. नाही मिळालं तर पुढे अशी अवस्था येते की दहा मिनिटांपूर्वीचंही आठवत नाही, आणि ती बहुतेक कायमची. इथे मला एक इशारा मोठ्या अक्षरांत द्यावासा वाटतो. अशा उपाशी, दारू प्यायलेल्या माणसाला "अशक्तपणा आहे, सलाईन लावा" म्हणून आधी नुसतं ग्लुकोज चढवू नये. ग्लुकोज जाळायला थायामिन लागतं. उरलंसुरलं तेही संपतं आणि मेंदू आणखी बिघडतो. आधी थायामिन, मग ग्लुकोज. सलाईन मागणाऱ्या नातेवाइकांनी आणि लावणाऱ्यांनी, दोघांनीही हे पाठ करावं.

रेशनच्या तांदळाबद्दल इथेच लिहितो. १५ ऑगस्ट २०२१ला सरकारी योजनांतला तांदूळ पोषणयुक्त करण्याची घोषणा झाली आणि मार्च २०२४पर्यंत तो टप्प्याटप्प्यानं सगळीकडे द्यायचं ठरलं. शंभर किलो तांदळात एक किलो खास बनवलेले दाणे मिसळायचे; त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२. हे दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात, पण रंगानं थोडे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात. त्यामुळे "प्लॅस्टिकचा तांदूळ आला" अशी हाकाटी झाली आणि बाया सुपात ते दाणे निवडून फेकायला लागल्या. ते प्लॅस्टिक नाही. निवडून टाकू नये. त्याच वेळी त्याच्याकडून फार अपेक्षाही ठेवू नये: ठरलेल्या मात्रेप्रमाणे किलोमागे सुमारे एक मायक्रोग्रॅम बी-१२ धरलं तर रोज तीनशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याला त्यातून गरजेच्या सातव्या हिश्शाइतकंच मिळतं. ज्याचं शोषणच बिघडलं आहे, त्याला तेही पुरतं मिळणार नाही.

आता दुसरी बाजू: ज्यांना कमतरता नाही, पण अल्झायमर झाला आहे किंवा होईल अशी भीती आहे. भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या घरांची हतबलता म्हणजे औषध विकणाऱ्यांचा मोठा बाजार. म्हणून प्रयोगांत काय निघालं ते घरच्यांना माहीत असलं पाहिजे. ई जीवनसत्त्वाबद्दल सर्वांत जास्त आशा होती. १९९७ मध्ये अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांना रोज २००० युनिट देऊन पाहिलं, तेव्हा आजार पुढच्या टप्प्याला जायला थोडा उशीर झाला. २०१४ मध्ये ६१३ निवृत्त सैनिकांवरच्या प्रयोगातही रोजची कामं करण्याची क्षमता थोडी सावकाश घटली, पण स्मरणशक्ती सुधारली नाही. ज्यांना नुसता विसराळूपणा होता त्यांच्यात, २००५च्या प्रयोगात, अल्झायमर टळला नाही. पार्किन्सनच्या आठशे रुग्णांवर १९९३ मध्ये याच मात्रेचा काहीही उपयोग झाला नाही. शिवाय २०११ मध्ये दिसलं की रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त होता. एवढ्या मोठ्या मात्रेची गोळी दुकानातून आपल्या मनानं घ्यायची वस्तू नाही, हे माझं ठाम मत आहे.

ब गटाचं उत्तर जास्त बोलकं आहे. रक्तात होमोसिस्टीन नावाचा पदार्थ असतो. बी-१२ आणि फॉलिक ॲसिड कमी पडलं की तो वाढतो आणि त्याबरोबर मेंदू आक्रसण्याचा वेगही वाढलेला आढळतो. २०१० मध्ये ऑक्सफर्डला विसराळूपणा सुरू झालेल्या सत्तरीपुढच्या लोकांना दोन वर्षं बी-६, बी-१२ आणि फॉलिक ॲसिड दिलं. मेंदू आक्रसण्याचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला. ज्यांचं होमोसिस्टीन मुळातच जास्त होतं त्यांच्यात निम्म्याहून अधिक. पुढच्या विश्लेषणात असंही दिसलं की हा फायदा झाला तो ज्यांच्या रक्तात मासळीतून मिळणारी ओमेगा-३ मेदाम्लं पुरेशी होती त्यांनाच. पण २००८ मध्ये अल्झायमर पुरता जडलेल्या रुग्णांना हीच जीवनसत्त्वं मोठ्या मात्रेत दीड वर्ष दिली, तेव्हा आजार जराही मंदावला नाही. दोन्ही प्रयोग एकत्र वाचले की अर्थ स्पष्ट होतो: ज्याला कमी आहे त्याला, आणि लवकर. बहुजीवनसत्त्वाच्या रोजच्या गोळीबद्दल २०२२ आणि २०२३ मध्ये अमेरिकेतून आलेल्या अभ्यासांत साठीपुढच्या लोकांची स्मरणशक्ती किंचित बरी दिसली. त्याआधी तिथल्याच डॉक्टरांवर बारा वर्षं चाललेल्या प्रयोगात काहीच फरक दिसला नव्हता. त्यामुळे स्मृतिभ्रंश टळतो, असं या गोळीच्या डबीवरून कुणी सांगू नये.

कंपवाताच्या रुग्णांसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. या आजाराचं मुख्य औषध लेव्होडोपा. तेच द्रव्य आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांत नैसर्गिकपणे असतं. १९३७ मध्ये भारतातच ते तिच्यातून वेगळं काढलं गेलं आणि १९७८ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी त्या बियांचा पार्किन्सनवरचा उपयोग शास्त्रीय मासिकात मांडला. त्यामुळे वैद्य या बिया कवचबीज म्हणून देतात त्याला आधार आहे. पण बी-६ हे जीवनसत्त्व लेव्होडोपाचं रूपांतर मेंदूत पोचण्याआधीच, रक्तातच करून टाकतं. दवाखान्यातल्या गोळीत कार्बिडोपा असतं, ते हे रूपांतर थांबवतं. नुसत्या बियांच्या चूर्णात ते नसतं. म्हणजे एकीकडे कवचबीजाचं चूर्ण आणि दुसरीकडे "ताकदीसाठी" ब गटाची इंजेक्शनं असं चाललं असेल, तर एक हात दुसऱ्याचं काम मोडतो. शिवाय बी-६ स्वतः जास्त झालं तर मज्जातंतूंना मारतं. १९८३ मध्ये अमेरिकेत रोज काही ग्रॅम बी-६ घेणाऱ्या सात जणांचं वर्णन प्रसिद्ध झालं; त्यांचे पाय बधिर झाले होते, चालणं अवघड झालं होतं. ज्या मुंग्यांसाठी गोळी घ्यावी, त्याच मुंग्या गोळीनं याव्यात! दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत तेच बी-६ असतं, हे पाकीट वाचल्याशिवाय कळत नाही.

इंजेक्शनच्या मोहाबद्दल पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, इथे थोडक्यात. पायांत बधिरपणा, तोल जाणं, विसर अशी लक्षणं असतील तर सुरुवात बी-१२च्या इंजेक्शननंच करावी आणि ती डॉक्टरांच्या वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण करावी. दोन सुया मारून बरं वाटलं म्हणून सोडू नये. पुढे रोजची हजार मायक्रोग्रॅमची गोळी बहुतेकांना पुरते, कारण मोठ्या मात्रेतला शंभरावा हिस्सा आम्लाची वाट न पाहता आपोआप शोषला जातो. तपासणीच्या आधी मात्र सुई घेऊ नये. एकदा सुई घेतली की रक्तातलं बी-१२ वर दिसतं आणि मूळ कमतरता होती की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली आकडा आला तर कमतरता धरतात. २०० ते ३००च्या मध्ये आला आणि लक्षणं असली, तर होमोसिस्टीनसारखी पुढची तपासणी लागते. लक्षणं सुरू होऊन सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाले तर सुधारणा चांगली होते. वर्ष-दोन वर्षं गेली असतील तर झीज थांबते, पण गेलेलं सगळं परत येत नाही. शेवाळी, समुद्री वनस्पतींची चूर्णं यांत बी-१२ असल्याच्या जाहिराती असतात. त्यांतलं बरंचसं शरीराला वापरता न येणाऱ्या रूपात असतं.

सगळा विसर बी-१२चा नसतो. तपासणी चांगली आली तर थायरॉईड, साखर, डोक्याला लागलेला जुना मार, मनाची खिन्नता हे पाहावं लागतं, आणि त्यानंतर अल्झायमरचं नाव घ्यावं लागतं. ते घ्यायची वेळ आली तर बाटल्यांवरचे पैसे वाचवून सांभाळणाऱ्या माणसाच्या मदतीला लावावेत. पुस्तकाचा शेवटचा तिसरा भाग त्या सांभाळण्याबद्दल आहे.

वाचणाऱ्याला माझी विनंती एवढीच. घरातल्या साठीपुढच्या माणसाचं चालणं किंवा बोलणं गेल्या सहा महिन्यांत बदललं असेल तर त्याला कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात, कशेळ्याच्या किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे या महिन्यातच न्या. माळ कधी घातली, साखरेची आणि ॲसिडिटीची गोळी किती वर्षं चालू आहे, दारू किती, हे विचारायची वाट न पाहता सांगा. घरातली सगळी औषधं, बाटल्या आणि चूर्णं एका पिशवीत घालून बरोबर न्या आणि सुई टोचण्याआधी बी-१२ तपासून घ्या.